चोळायचं नाही

लोणीच्या दुकानात खुर्च्या दोन होत्या, पण गर्दी एकाच खुर्चीला. दुसऱ्या खुर्चीमागे त्याचा भागीदार कात्री घेऊन उभा असायचा आणि बाकावरच्या माणसाला म्हणायचा, "या की इकडे, रिकामी आहे." माणूस वर्तमानपत्रात डोकं खुपसून म्हणायचा, "नको, मला काही घाई नाही." घाई सगळ्यांनाच होती. पण केस कापून झाले, मानेवरचे बारीक केस ब्रशने झटकले, की लोणी तळव्याला तळवा घासून जो हात मानेवर ठेवायचा, त्यासाठी माणसं कामावर उशिरा जायची आणि घरी बोलणी खायची. त्या हातावरूनच त्याला लोणी म्हणायला लागले. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं, आणि परवाना आरशामागे.

एकदा एक गृहस्थ भांडायलाच आले होते. आदल्या दिवशी एक कल्ला वर गेला होता, एक खाली. चूक भागीदाराची होती, पण रागाला पत्ता लागतो थोडाच. लोणी म्हणाला, "बसा तर खरं, बसून भांडा." गृहस्थ बसले. लोणीने मानेवर हात ठेवला. गृहस्थांची दोन वाक्यं झाली, तिसरं अर्ध्यावर राहिलं, आणि पुढे जे ऐकू आलं ते घोरणं. जागे झाल्यावर म्हणाले, "मी कशासाठी आलो होतो?" भागीदार म्हणाला, "आभार मानायला." आणि ते खरंच आभार मानून गेले.

तर असा हात. आणि हाताबरोबर जीभही. दुकानात लोणीची जीभ कात्रीच्या वर चालायची. कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, कोणाच्या गाडीचं इंजिन कशाने बसलं, सगळं त्याला ठाऊक, आणि सगळं सांगायचाही. पण घराचा उंबरठा ओलांडला की मुका. बायको म्हणायची, "दुकानात रेडिओ, घरात कपाट." तो हसायचा आणि जोडे काढायचा.

पण कपाटही उघडायचं, फक्त तोंडाने नाही. बायको एका कापडाच्या दुकानात होती. दिवसभर उभं राहून ताग्यावर तागे उलगडायचे, पुन्हा गुंडाळायचे, आणि संध्याकाळी पाय सुजवून घरी यायचं. लग्न नवं होतं तेव्हा लोणीला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. दुकानात बाप्यांशी बोलायची सवय, बाईमाणसाशी कसं बोलतात कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी त्याने विचारलं, "पाय दुखतात का?" ती म्हणाली, "दुखतात." त्याने वाटीत तेल कोमट केलं आणि तिचे पाय मांडीवर घेतले. झालं. त्यानंतर बोलण्याची गरजच पडली नाही. भांडण झालं तर त्या संध्याकाळी अंगठा जरा जास्त दाबला जायचा, इतकंच. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, ती निघाली त्या दिवशीही तो काही बोलला नाही. संध्याकाळी बायकोचे पाय मात्र नेहमीपेक्षा बराच वेळ चोळत बसला, आणि बायकोला कळायचं ते कळलं.

मग बायकोचं पोट फुगायला लागलं. आधी वाटलं, वात आहे. ओवा झाला, गोळ्या झाल्या, शेजारणीचे उपाय झाले. तपासणीत कळलं, तो वात नव्हता, गाठ होती. ऑपरेशन झालं, जहाल औषधं झाली, केस गेले. केस गेले तेव्हा लोणीनेच तिचं डोकं साफ केलं होतं, घरातल्या खुर्चीवर बसवून, अंगाला टॉवेल गुंडाळून. ती म्हणाली, "आयुष्यभर फुकटात कापून घ्यायचं ठरवलं होतं, ते असं वसूल झालं." केस परत आले. वर्ष बरं गेलं. आणि मग गाठ पुन्हा उठली.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी दुसरं औषध सांगितलं. महिन्यातून एकदा, हाताच्या शिरेतून, खुर्चीवर बसून घ्यायचं. पहिल्या दिवशी परिचारिकेने, सगळे तिला सिस्टर म्हणायचे, लोणीला खाली औषधाच्या खिडकीवर रांगेत पाठवलं. तो वर आला तेव्हा बायकोच्या हाताला नळी लागली होती आणि नळीतून लालभडक काहीतरी थेंब थेंब उतरत होतं.

"सरबतासारखं दिसतंय," लोणी म्हणाला.

"चव विचारू नका," बायको म्हणाली. "आणि दोन दिवस लघवी लाल झाली तर घाबरायचं नाही म्हणे. रंग उतरतो."

"अजून काय सांगितलं?"

"अजून काय सांगणार. पाणी पी, आराम कर. सगळ्यांना तेच सांगतात."

लोणीने मान हलवली. खोटं बोलताना बायको पदराच्या काठाला चुण्या घालायची. ते त्याला माहीत होतं, पण त्या वेळी तो पदराकडे नाही, लाल थेंबाकडे बघत होता.

आता या औषधाचं काय आहे ते लोणीला सांगितलं एका गिऱ्हाइकाने. हे गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतलाच मुलगा, त्याचं जावळही लोणीच्याच हातचं. आता चष्मा लागला होता, दोन मुलांचा बाप होता, आणि एका प्रयोगशाळेत नजरेला न दिसणाऱ्या कणांवर काम करायचा. लोणीने त्याचं नाव सूक्ष्मराव ठेवलं होतं. सूक्ष्मराव खुर्चीत बसला, गळ्याला कापड बांधलं, आणि लोणीने विचारलं, "ते लाल औषध तुमच्यातलं का रे?"

"आमचं नाही काका, पण आमच्या भावकीतलं," सूक्ष्मराव म्हणाला. "काकूंना तेच चालू केलं का?"

"तेच. आहे काय ते?"

"औषध जुनंच आहे, जहाल. नुसतं दिलं तर दिसेल त्याला भाजत जातं, हृदयालासुद्धा. म्हणून ते बारीक बारीक फुग्यांत भरतात. इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने बसतील."

"कोणाच्या केसाच्या? तुझ्या की माझ्या?"

"मान हलवू का नको सांगा आधी." लोणीने कात्री थांबवली. "तर रक्तात राखणदार पेशी असतात. परकं काही दिसलं की गिळून टाकतात. फुगेही गिळतील. म्हणून फुग्यावर वरून पॉलिमरचं आवरण चढवतात. म्हणजे लांब लांब धाग्यांची झूलच. ती झूल पाणी धरून ठेवते. राखणदार पकडायला गेला की बोटं सटकतात."

"साबणाच्या फेसासारखं."

"तसंच समजा."

लोणीने दोन-तीन वेळा कात्री चालवली आणि म्हणाला, "मग गाठीच्या पेशीचीही बोटं सटकत असतील की. तिने गिळायचं कसं?"

सूक्ष्मराव हसला. "काका, याच्यावरून आमच्याकडे रोज डबा खाताना भांडणं होतात. झूल जाड केली तर राखणदाराला चुकवते, पण गाठीची पेशीही लवकर गिळत नाही. पातळ केली तर उलटं. आमची झूल आम्ही अशी करतोय की गाठीपाशी पोचली की आपोआप गळून पडेल. अजून बशीतच आहे ते, माणसात जायला वर्षं लागतील. काकूंच्या औषधाचं असं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, घाईघाईत बांधलेल्या भिंतीसारख्या, फटी फटी. फुगे तिथून झिरपतात आणि साठून राहतात. दाराशी इतके दिवस बसून राहिले की हळूहळू पेशी आत घेते. आपलीच कातडी आत दुमडते, पिशवी करते, पिशवीत फुगा. आत गेल्यावर पिशवी आंबट होत जाते, फुगा विरघळतो, औषध सांडतं."

"म्हणजे भिकाऱ्यासारखं दाराशी बसायचं."

"हो. आणि तोवर रक्तात फिरत राहायचं. जितके दिवस फिरेल तितकं बरं."

हे शेवटचं वाक्य लोणीने उचललं. बाकीचंही त्याने भागीदाराला, बाकावरच्यांना, पेपर टाकणाऱ्याला सांगितलं, झूल आणि राखणदार आणि आंबट पिशवी सगळं, दर वेळी थोडी भर घालून. पण घरी नेलं ते तेवढंच. औषध फिरत राहिलं पाहिजे.

आणि रक्त फिरवणं म्हणजे काय, हे लोणीला कोणी शिकवायला नको होतं. तीस वर्षं तो तेच करत आला होता. आखडलेली मान, बधिर खांदा, रक्त फिरलं की मोकळा. घरी बायकोच्या पोटात गाठ, आणि तो तिच्यासाठी काय करू शकत होता? डॉक्टरीणबाई औषध देणार, सिस्टर सुई लावणार, मुलगी फोनवर रडणार, आणि हा खिडकीच्या रांगेत उभा राहणार. आता त्याला त्याचं काम सापडलं. त्या संध्याकाळपासून तेल कोमट नाही, चांगलं गरम झालं. पायांबरोबर तळहातही आले. आधी दोन्ही पावलं, टाचेपासून बोटांपर्यंत, मग तळहात, अंगठ्याखालचा मांसल भाग, बोटांच्या फटी. बायको म्हणायची, "पुरे आता." तो म्हणायचा, "फिरू दे, फिरू दे."

बायको बाकी पुष्कळ जपत होती. दुकानातले टॉवेल ती घरी गरम पाण्यात धुवायची, ते तिने धोब्याकडे टाकले. म्हणाली, "मला साबणाचा वास सोसत नाही." बंद चपला सोडून सैल सपाता घातल्या. भांडी शेजारणीच्या मुलीला सांगितली. गार पाण्याने अंघोळ करायला लागली. लोणीला वाटलं, आजाराने माणसाच्या आवडी बदलतात.

दुसऱ्या डोसानंतर तळवे लाल दिसायला लागले.

"ऊन लागलं असेल," ती म्हणाली.

"तळव्यांना?"

"तळव्यांना लागत नाही का? त्यांना काय छत्री आहे?"

मग मुंग्या यायला लागल्या. मग जळजळ. लोणीने जोर कमी केला आणि वेळ वाढवला. रोज संध्याकाळी ती पाय पुढे करायची, ओठ दाबून, आणि तो डोळे मिटून चोळायचा, जसं त्याला डोळे मिटूनच सगळं दिसायचं. तिचा चेहरा त्याने पाहिला नाही. हाताने सगळं कळणाऱ्या माणसाची ही एक खोड असते, त्याला वाटतं, डोळ्यांचं काम हातच करतात.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी ती दवाखान्याच्या पायऱ्या पावलांच्या कडांवर चढली. सिस्टरने तिच्या सपाता काढायला लावल्या आणि बघितलं. टाचेला फोड, चवड्यांवरची कातडी सोललेली. तळहातही तसेच, बोटांच्या पेरांपाशी चिरा. सिस्टरने आपलं बोट तिच्या तळव्याला जेमतेम टेकवलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"तेल कशाचं?"

बायकोने तोंड खिडकीकडे वळवलं.

"तिळाचं," लोणी म्हणाला. "मी लावतो. रोज."

"लावता म्हणजे?"

"चोळतो. गरम करून." आणि सिस्टरचा चेहरा बघून त्याने पुढे जोडलं, "रक्त फिरावं म्हणून. औषध फिरायला पाहिजे ना."

सिस्टरने बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीकडे पाहत होती. तिच्या सोललेल्या बोटांत पदराचा काठ होता आणि काठाला एकावर एक चुण्या पडत होत्या.

"मी पहिल्याच दिवशी यांना सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "गरम पाणी नाही, पिळणं नाही, घट्ट चप्पल नाही आणि चोळणं तर अजिबात नाही. अहो, हे औषध बारीक शिरांतून झिरपतं. गाठीत झिरपतं म्हणून तर देतो आपण. पण तळहात, तळपाय दाबले, घासले, तापवले की तिथल्या शिराही सैल होतात. मग ते तिथेच उतरतं, आणि गाठीला जे करायचं ते कातडीला करतं."

लोणी उभाच होता. त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. खिशात घातले, काढले.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. आज डोस देता येणार नाही, म्हणाल्या. पंधरवडा वाट बघू. कातडी भरली तर जरा कमी मात्रेने पुढे जाऊ. नाही भरली तर हे औषध सोडावं लागेल, आणि यानंतर हातात फारसं काही नाही. "गाठ आपल्यासाठी थांबत नाही," त्या म्हणाल्या, "तेव्हा कातडी भरायलाच हवी."

घरी आल्यावर बायकोने पाय परातीतल्या गार पाण्यात सोडले. लोणी समोर बसला.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"टॉवेल धोब्याला दिलेस. भांडी दिलीस. आणि मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते?"

"हात लावू नका म्हणून. तीन शब्द."

"आणि मग तुम्ही काय करणार होतात संध्याकाळी?" ती म्हणाली. "भिंतीकडे बघत बसणार होतात. तोंड तर उघडत नाही तुमचं. माझं पोट कापलं त्या दिवशी तुम्ही आलात, पायाशी बसलात, एक अक्षर बोलला नाहीत. पायच चोळलेत. मला तेवढं कळलं. ते पण काढून घेतलं असतं तर तुमच्याकडे राहिलं काय असतं? मला वाटलं, थोडं सोसेन."

"त्याने मरशील तू."

हा शब्द त्या घरात दोन वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. उच्चारला तो कपाटाने. बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बघा, बोलता येतं की."

पंधरवडा मोठा वाईट गेला. दुकानात लोणीचा हात चुकायला लागला. मानेवर हात ठेवला की मध्येच उचलून घ्यायचा, विस्तवाला लागल्यासारखा. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय रे, आज लोणी विरघळलं का?" भागीदार चटकन म्हणाला, "उन्हाळा आहे आजोबा," आणि त्यांना आपल्या खुर्चीत घेतलं. एरवी टोमणे मारणारा हा भागीदार त्या दिवसांत सकाळी लवकर येऊन झाडू मारायचा आणि काही विचारायचा नाही.

सूक्ष्मराव आला तेव्हा लोणीने गळ्याला कापड बांधलं ते जरा घट्टच.

"तू म्हणालास फिरलं पाहिजे," तो म्हणाला.

"काय काका?"

"जितके दिवस फिरेल तितकं बरं म्हणालास. मी फिरवलं. बघ जाऊन तिचे पाय."

सूक्ष्मरावला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याने चष्मा काढला. आरशात दोघंही दिसत होते आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

"तळपायांचं मला माहीत नव्हतं काका," तो हळू म्हणाला. "वाचलं असेन कुठेतरी, पण ध्यानात नव्हतं. मी बशीतल्या पेशी बघतो. त्यांना ऊब देतो, खाऊ घालतो, कण टाकतो, किती गिळले ते मोजतो. बशीतल्या पेशींना पाय नसतात."

लोणीने कापडाची गाठ सैल केली. राग धरायला समोरचा माणूसही थोडा आडदांड लागतो, आणि हा तर रडवेला झाला होता.

"त्या पेशी कधीच गिळत नाहीत असं होतं का?" कात्री उचलत लोणीने विचारलं.

"होतं. गार केलं की. बशी बर्फावर ठेवली की पेशी दारं लावून घेतात. कण बाहेर चिकटून राहतात, पण आत कोणी घेत नाही. गिळायलाही पेशीला ऊब लागते. आणि माणसाच्या शिराही गारव्याने आकसतात. सिस्टर बर्फाचं काही म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाली. पुढचा डोस झालाच तर बर्फ."

"बरोबर आहे मग. होईल काका."

"होईल म्हणू नकोस. तुझं एक वाक्य मी घरी नेलं होतं, बघितलंस ना काय झालं ते."

घरी संध्याकाळी तीच वेळ यायची आणि तीच बसायची जागा. मध्ये गार पाण्याची परात. हात मांडीखाली दाबून लोणी बसायचा. पहिल्या दिवशी त्याने दुकानातला एक किस्सा काढला, गृहस्थ भांडायला आले आणि झोपले तो. चांगला रंगवून सांगितला. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाला सांगता तसं मला नका सांगू. मी काय केस कापायला बसलेय?"

"मग काय सांगू?"

"तुमचं सांगा."

आपलं काय सांगायचं असतं, हे त्याला कुठे माहीत होतं. तो गप्प बसला. परातीतलं पाणी कोमट झालं ते बदलून आणलं. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिसऱ्या दिवशी पाणी बदलता बदलता, तिच्याकडे पाठ असताना, तो म्हणाला की ऑपरेशनच्या दिवशी तो बाहेर बाकावर बसला होता तेव्हा शेजारच्या माणसाचे केस मागून वाकडे कापलेले होते, आणि आत तिचं पोट उघडलेलं असताना तो सगळा वेळ त्या केसांकडे बघत होता, ते सरळ कसे करता येतील याचा विचार करत, आणि त्याची त्याला अजून लाज वाटते.

बायको म्हणाली, "इतके वाकडे होते?"

"फारच."

"मग बघणारच की."

त्यानंतर रोज थोडं थोडं निघत गेलं. मुलगी गेली तेव्हाचं. आई गेली तेव्हाचं. त्याला भीती कशाची वाटते ते. मरणाची नाही, ती गेल्यावर संध्याकाळची. हे सांगताना मांडीखालचे हात सुटून पुढे आले, तिच्या पावलांपाशी गेले, आणि परातीच्या काठाशी येऊन थांबले. तिनेही पाय पुढे केले नाहीत. दोघांनाही तेवढं जमलं. कातडीचं म्हणाल तर ती आतून येते, आपल्या वेळाने येते, तिला कोणाची घाई कळत नाही. आधी फोड बसले. मग कोरडी सालं निघाली. मग खाली नवी गुलाबी कातडी दिसली, बाळाच्या गालासारखी, आणि लोणी ती लांबून बघायचा.

ठरल्या दिवशी सिस्टरने पुन्हा सपाता काढायला लावल्या. दिव्याखाली तळवे धरले, बोटांच्या फटी पाहिल्या. टाचेपाशी जराशी थांबली. मग तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं, बायकोला चालायला लावलं, खिडकीपर्यंत आणि परत. ती पूर्ण पावलं टेकवून चालली.

"द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार आणे कमी करून द्या."

लोणी खुर्चीपाशी उभा राहिला. सिस्टरने बर्फाच्या पिशव्या आणल्या, फडक्यात गुंडाळलेल्या. बायकोच्या मनगटांना दोन बांधल्या. पायांच्या पिशव्या मात्र सरकत होत्या.

"धरून बसाल का?" सिस्टर म्हणाली. "घोट्यापाशी. नुसतं धरायचं. दाबायचं नाही, हलवायचं नाही. थेंब संपेपर्यंत."

"धरतो."

"चोळायचं नाही."

"नाही," तो म्हणाला.

तो खाली स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी दोन पिशव्या धरल्या. वर बाटलीला उजेड लागू नये म्हणून पिशवी घातली होती, तरी नळीतला लाल रंग दिसत होता. पहिला थेंब पडला. सुरुवातीला अगदी सावकाश सोडतात, कोणाला धाप लागते, कंबर धरते, म्हणून सिस्टर जवळच उभी होती. बायकोने डोळे मिटले होते.

"बोलत राहा," ती म्हणाली.

आणि तो बोलत राहिला. काय बोलला ते त्यांचं त्यांना ठाऊक, सिस्टर मध्येच बाजूला झाली. पुढे तीन महिन्यांनी तपासणीत गाठ निम्मी झालेली दिसली. गेली नव्हती, निम्मी झाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला बरं झालं असं म्हटलं नाही, बरं चाललंय असं म्हटलं. पण त्या दुपारी हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त थेंब उतरत होते. दंडातून आत, हृदयातून बाहेर, झूल पांघरलेले कोट्यवधी कण राखणदारांच्या हातून निसटत सगळ्या अंगभर निघाले होते. काही यकृतात अडकले असतील, काही वाया गेले असतील. काही हातापायांकडे आले असतील, आणि तिथल्या शिरा आकसलेल्या, पेशी गारठून दारं लावून बसलेल्या बघून पुढे गेले असतील. आणि काही पोटातल्या त्या कच्च्या भिंतीशी पोचून फटीतून आत उतरले असतील, आणि कुठल्यातरी पेशीने, आपण काय घेतोय हे न कळता, आपली कातडी आत दुमडून त्यांना आत घेतलं असेल.

लोणीची बोटं बधिर होत चालली होती. आधी टोकं, मग पेरं, मग आख्खा पंजा. हाताला काहीच कळेनासं झालं तेव्हा तो मान वर करून बायकोच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. थेंब संपेपर्यंत तो तिच्याकडे बघत बोलत होता, आणि त्याचे हात जिथल्या तिथे होते.